सकलेशपूरच्या रानात, दादाच्या पुढे

साताऱ्याहून रात्रभर धावलेली बस बेंगळूरच्या मॅजेस्टिक स्टँडवर लागली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. खिडकीतूनच मला दादा दिसला. गर्दीपासून जरा बाजूला, खांबाला टेकून, स्वेटर आणि माकडटोपी अशा अवतारात उभा होता. जानेवारीतली इथली थंडी आपल्याकडच्यासारखीच, फक्त थोडी ओलसर. मी बॅग घेऊन उतरले, गंमत म्हणून हाक न मारता त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले आणि हात हलवला. तो बसच्या दाराकडे बघत राहिला. मी अजून जवळ सरकले, इतकी की त्याच्या स्वेटरची उसवलेली वीण मला दिसत होती. तरी त्याची नजर दारावरच. शेवटचा माणूस उतरला तशी त्याच्या कपाळावर आठी पडली.

“दादा, अरे इथे आहे मी!”

तो दचकला. मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसला. “अंधार आहे ना अजून,” म्हणाला.

अंधार नव्हता. समोरच्या हॉटेलच्या पाटीवरची कन्नड अक्षरं मला वाचता येत नसली तरी एकूण एक स्पष्ट दिसत होती.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ सुहास, काही वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या एका कंपनीत नोकरी लागून पुण्याहून इकडे आला. मी आईबरोबर साताऱ्यात राहते, शाळेत भूगोल शिकवते. पळण्याचा नाद आम्हा दोघांनाही. तो कॉलेजात असताना पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळत जायचा आणि मी फरफटत त्याच्या मागे. दिवाळीनंतर त्याचा फोन आला होता. “सकलेशपूरच्या पुढे, जंगलातून एक धाव आहे. मॅरेथॉनहून बरीच लांब. एका हौशी मंडळाने ठरवली आहे. हत्ती असतात म्हणून जोडीनेच पळायचं असा नियम आहे. येशील माझ्या जोडीला?” मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी त्याला माझी आठवण झाली, असंच मला वाटलं.

त्याचं घर हेब्बाळला, तळ्याच्या मागच्या बाजूला. शहर तिथे जवळजवळ संपतं. पलीकडे नाचणीची शेतं आणि नारळाच्या रांगा. अनघावहिनीने दारातच मला मिठी मारली. चार वर्षांची ईशा पायाला बँडेज बांधून लंगडत आली आणि आत्या म्हणून चिकटली. दादा आंघोळीला गेला तशी वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

“तुला सांगितलं नाही ना त्याने?”

“काय?”

तिने गॅस बारीक केला. “डोळे जाताहेत त्याचे. पडदा कडेकडून सुकत चाललाय. रात्रीचं तर काहीच दिसत नाही. दिवे लागले की तो बाहेर पडत नाही. दिवसा फक्त समोरचं, मधलं तेवढं दिसतं. औषध नाही म्हणतात. ईशाच्या पायाचं बघितलंस? त्याच्या पायाशीच खेळत होती. बुटाचा पाय पडला. बोट मोडलं तिचं.”

उप्पिटाचा रवा भाजल्याचा वास सुटला होता.

“मग ही धाव कशाला?”

“तूच विचार. मी विचारून थकले.” मग तिने माझा हात धरला. “जाऊ नका म्हणत नाही मी. पण तू त्याच्या पुढे पळ वृंदा. मागे राहू नकोस.”

संध्याकाळी, उजेड आहे तोवर, आम्ही दोघं तळ्याच्या बांधावर गेलो. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते. मी सरळ विचारलं.

“मधलं स्वच्छ दिसतं गं,” तो म्हणाला. “तुझं नाक दिसतं. कान बघायचे तर वेगळे बघावे लागतात.” आणि तो हसला. मला हसता आलं नाही.

“आईला सांगितलंस?”

“नाही.”

“आणि पळायचंच तर इथे पळ ना, रस्त्यावर. जंगलात कशाला?”

“रस्त्यावर नुसते पाय टाकत राहायचे. रानात प्रत्येक पावलाला बघावं लागतं. बघता येतंय तोवर एकदा भरपूर बघून घेतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेटाडोरने निघालो. गाडीत दहा-बारा पळणारे, बाकीचे आधीच पोचलेले. चालक नारायणअण्णा होसकोट्याचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इकडेच. आमचं बोलणं ऐकून त्यांनी आरशातून विचारलं, “तुमी साताऱ्याचे काय? आमचे आजे-पणजे तिकडनंच आले म्हणत्यात. मी कधी बघिटलो नाही.” मग दादाला म्हणाले, “अण्णा, तुमी म्होरं बसा की. स्वल्प (थोडी) जागा हाय.” दादा पुढे बसला. कुणिगल गेलं, हासन गेलं. हासनला केळीच्या पानावर भात, सारू (आमटीसारखं पातळ कालवण) आणि हप्पळ (पापड) असं जेवण झालं. पुढे घाट लागायच्या आधीच हवा बदलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉफीचे मळे, वर मोठ्या झाडांची सावली आणि त्या झाडांवर चढलेले मिऱ्यांचे वेल.

मुक्काम एका गावातल्या शाळेत होता. धाव आखणारे बेळ्ळिअप्पा हे कोडगूकडचे (कूर्गचे) गृहस्थ; उंच, पांढऱ्या मिशांचे, आयुष्य कॉफीच्या मळ्यांवर काढलेले. त्यांनी सगळ्यांना समोर बसवून नियम सांगितले. ऊन उतरायच्या आत जो वनखात्याच्या शेवटच्या नाक्यावर पोचणार नाही, त्याला पुढे सोडायचं नाही, कारण नाक्यापुढचा टप्पा हत्तींच्या वाटेवरचा. “कुणाला काही आजार, काही दुखणं असेल तर आत्ता सांगा,” ते इंग्रजीत म्हणाले. दादा माझ्या शेजारी बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. मी त्याच्याकडे बघितलं, पण मी कुठे बघतेय ते त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

तांबडं फुटल्यावर आम्ही निघालो. पहिला पट्टा मळ्यांतल्या लाल मातीच्या रस्त्याचा. फळं तोडणीचे दिवस होते. कमरेला पिशव्या बांधून बायका झुडपांत शिरल्या होत्या आणि आम्हाला बघून खिदळत होत्या. एकीने ओरडून काही विचारलं. दादाने कन्नडमध्ये उत्तर दिलं तशी त्या आणखीच हसल्या.

“काय म्हणाली?”

“तुमच्या मागे कोण लागलंय, म्हणून विचारत होती.”

रस्ता सोडून पायवाट लागली आणि माझं काम सुरू झालं. मी चार पावलं पुढे आणि तोंडाने अखंड: “मूळ. दगड. डावीकडे उतार. खाली वाक, फांदी. परत मूळ.” सुरुवातीला लाज वाटली, मग लय सापडली. दादाचे पाय अजून तसेच होते, हलके, न वाजणारे. चढावर तो मला म्हणायचा, “दमलीस तर सांग,” आणि मी दमलेली असूनही सांगायची नाही. तासाभराने मला असं वाटू लागलं की आम्ही अजिंक्यताऱ्यावरच आहोत, फक्त पुढचा-मागचा बदललाय.

उन्हं चांगली वर आल्यावर मळ्याच्या टोकाला एक कौलारू घर लागलं. अंगणभर कॉफीची फळं वाळत घातलेली. एक म्हातारी बाई दांड्याच्या फळीने ती खालीवर करत होती. “बन्नी, बन्नी (या, या),” म्हणत तिने आम्हाला ओसरीवर बसवलं. गरम अक्की रोटी (तांदळाची भाकरी), हिरव्या मिरचीची चटणी आणि गूळ घातलेली काळी कॉफी. तिने पेला दादाच्या बाजूने पुढे केला. दादा समोर अंगणाकडे बघत होता. ती पेला धरून उभी राहिली. मी काही बोलणार इतक्यात तिने त्याचा हात उचलला आणि त्याची बोटं पेल्याभोवती नीट बसवली.

“हुट्टिदागिनिंदाना? (जन्मापासून का?)” तिने विचारलं.

“इल्ला अज्जी, ईचेगे (नाही आजी, अलीकडेच),” दादा म्हणाला.

ती हळहळली नाही. आत जाऊन आणखी एक रोटी घेऊन आली आणि त्याच्या पानात वाढली. ती खाताना दादाची मान खाली होती, आणि मी कौलांकडे बघत राहिले.

त्यानंतरचा चढ जीव काढणारा होता. झाडी विरळ होत गेली आणि एकदम संपली. वर नुसती गवताची पठारं, पिवळी, वाऱ्याने एकाच बाजूला कललेली. खाली दऱ्यांमध्ये काळं-हिरवं जंगल गच्च भरलेलं आणि त्यापलीकडे डोंगरामागे डोंगर, फिकट होत होत आभाळात मिसळलेले. इतर जोड्या पाणी पिऊन लगेच पुढे गेल्या. दादा मात्र कड्यापासून थोडा अलीकडे उभा राहिला आणि सावकाश मान फिरवू लागला. एका टोकापासून सुरुवात करायची, जरा थांबायचं, किंचित पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं. मग नजर थोडी खाली आणायची आणि उलट दिशेने परत.

“दादा, वेळ चाललाय.”

“थांब. डावीकडचं राहिलंय अजून.”

“काय करतोयस?”

“पाठ करतोय.”

आमच्यानंतर निघालेली शेवटची जोडीही आम्हाला ओलांडून गेली. तेव्हा घाई करायला हवी होती हे खरं. पण त्याला तिथून हलवणं मला जमलं नाही.

“बाई, आता भूगोल सांगा,” तो म्हणाला.

मी सांगितलं. आपण उभे आहोत तिथे पाऊस पडला की उजवीकडचं पाणी घाट उतरून अरबी समुद्रात जातं आणि डावीकडचं हेमावतीला मिळून कावेरीतून पार बंगालच्या उपसागरात. दोन थेंब हातभर अंतरावर पडले तरी पुन्हा कधी भेटत नाहीत. हे मी वर्गात दर वर्षी सांगते. मुलं लिहून घेतात. दादाने फक्त “हं” केलं आणि अजून थोडा वेळ डावीकडेच बघत राहिला.

उतार सुरू झाला आणि जंगलाने आम्हाला आत घेतलं. खाली ओला पालापाचोळा, शेवाळलेले दगड, माणसाच्या मांडीएवढ्या वेली. एका ओढ्यात मी “दगड” म्हटलं, पण तो निसरडा आहे हे सांगायचं राहिलं. दादा आडवा झाला. गुडघा फुटला, तळहात सोलवटला. रक्ताच्या वासाने आल्यासारख्या जळवा कुठून कुठून येऊन त्याच्या पोटरीला लागल्या. मी मीठ लावून त्या काढत होते आणि तो वर बघत होता.

“वृंदा, संध्याकाळ झाली का?”

“नाही रे. चार वाजायचेत.”

“मग तू मला दिसत का नाहीस?”

मी वर बघितलं. झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतले होते. माझ्या दृष्टीने पुरेसा उजेड होता. पानं हिरवी दिसत होती, त्याच्या गुडघ्यावरचं रक्त लाल दिसत होतं. मी त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होते आणि तो माझ्या कपाळाच्या वर कुठेतरी बघत होता.

“हात ठेव माझ्या खांद्यावर,” मी म्हणाले.

तसं पळून बघितलं. काही पावलांतच दोघंही पडलो. मग चालू लागलो. मी पुढे, त्याचा सोललेला हात माझ्या खांद्यावर, शर्टाला चिकटणारा. “मूळ. पायरीसारखं आहे, खाली पाय टाक. सरळ. आता सरळ.” एका वळणावर बांबूचं बेट मोडून पडलं होतं आणि वाटेत हत्तीची ताजी लीद होती. पलीकडे काहीतरी कडाडलं. आम्ही जिथल्या तिथे थांबलो.

“काय दिसतंय?” त्याने कुजबुजत विचारलं.

“काहीच नाही.”

“मग दोघं सारखेच आता.”

आवाज पुन्हा झाला नाही. आम्ही पुढे निघालो. बराच वेळ माझ्याखेरीज कुणी बोलत नव्हतं. मग मागून त्याचा आवाज आला.

“आईला तू सांग.”

मी थांबले.

“थांबू नकोस, चालत राहा. माझ्याने फोनवर होणार नाही. आणि समोर तर नाहीच. तिचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं नाही. तेवढं बघायचं नाहीये मला.”

“यासाठी बोलावलंस मला?”

“यासाठीही.” त्याने खांदा जरा दाबला. “वाट सांग ना. गप्प झालीस की मी कुठे आहे ते कळत नाही.”

“मूळ,” मी म्हणाले. “दगड. इथे पाणी आहे, मोठं पाऊल टाक.” माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज नीट ठेवायला मला फार कष्ट पडत होते. ते त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही कधी.

नाक्यावर पोचलो तेव्हा ऊन गेलं होतं. बेळ्ळिअप्पा जीपपाशी उभे होते, आमचा मेटाडोर मागे उभा होता. थांबवलेल्या दोन जोड्या शाल पांघरून चहा पीत होत्या.

“बस्स. गाडीत बसा,” बेळ्ळिअप्पा म्हणाले.

“सर, शेवटचाच टप्पा राहिलाय,” दादा म्हणाला. “पुढे जीपचा रस्ता आहे. मी चालत जातो.”

“दुपारपासून रस्त्यावर हत्ती आहेत. पुढच्या वर्षी या.”

“पुढच्या वर्षी मला दिसणार नाही.”

बेळ्ळिअप्पांना आधी समजलं नाही. मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात बघितला, दादाचे डोळे बघितले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. “आणि सकाळपासून तुम्ही असे या जंगलात? हे मला सांगायला हवं होतं तुम्ही!”

“सांगितलं असतं तर सोडलं असतं?”

“नाही.”

बेळ्ळिअप्पांनी मिशीवरून हात फिरवला, मग पुढे होऊन दादाचे दोन्ही हात हातात घेतले. “आत्ताही सोडणार नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “माफ करा मला.”

मी म्हणाले, “दादा, चल.” तो हलेना. अखेर नारायणअण्णा आले, त्याच्या कोपराला धरलं आणि म्हणाले, “या की अण्णा. हितं पायरी हाय. आता सीट.” तसा तो निमूटपणे त्यांच्याबरोबर गेला.

धावेचं शेवटचं ठिकाण एका मळ्याचं अंगण होतं. शेकोटी पेटली होती. आमची गाडी आत शिरली तसे सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. चांगली माणसं होती, आम्ही पुरं केलं नाही याचं त्यांना काही नव्हतं. दादा उतरला आणि आवाजाच्या दिशेने मान वळवत राहिला, इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. त्याला शेकोटी तेवढी सापडली. तिच्याकडे बघून त्याने हात जोडले. टाळ्या वाजवणारे दुसऱ्या बाजूला होते.

बेंगळूरला परतल्यावर वहिनीने त्याचा गुडघा बघितला, गरम पाणी आणलं आणि जखम धुतली. तो ईशाला पठारावरचं सांगत होता. कुठला डोंगर कुठे, कुठलं पाणी कुठे जातं. सगळं जिथल्या तिथे, एकही चुकलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी बस पकडली. स्टँडवर सोडायला वहिनी आली. सुटायची वेळ दिवे लागल्यानंतरची होती.

प्रवासाहून आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलंस. मी हौसेने सांगणारी आहे. या वेळी शाळेतल्या एका बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या एवढ्या मोठ्या रानातली मी बहुतेक जमीनच पाहिली. मुळं, दगड, ओल. पक्षी ऐकले असतील, वर बघितलं नाही. डोंगर आहेत ते दादाने पाहिलेले. मी फक्त तो ते पाहत असताना शेजारी होते. एवढ्यासाठी माणूस इतक्या लांब जातो का, कुणास ठाऊक. मला पुन्हा कुणी बोलावलं तर मी जाईन.

आईला पोचल्या दिवशीच सांगितलं, दुपारी, जेवणं झाल्यावर. ती शेंगा सोलत होती. मी आडवळण न घेता सांगत गेले आणि तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावरही शेंगा सोलत राहिली. मग हात झटकले.

“म्हणजे किती दिसतं त्याला? नीट सांग.”

मी हाताच्या दोन मुठी पोकळ करून डोळ्यांपुढे धरून दाखवल्या. तिने तशाच मुठी केल्या आणि आपल्या डोळ्यांना लावल्या. स्वयंपाकघरभर हळूहळू मान फिरवली. चूल, मांडणी, पाण्याचं पिंप, खिडकीतला पेरू, परत मांडणी. मग तिच्या मुठी माझ्यावर येऊन थांबल्या. मी समोर बसले होते, हाताच्या अंतरावर. ती बराच वेळ तशीच बघत राहिली, जरा वर, जरा खाली.

“तू पूर्ण मावत नाहीस गं,” आई म्हणाली. मुठी तिने काढल्या नाहीत.